मधल्या अमेरिकेत लातूरकर

अमेरिका पाहायला आलेल्या मराठी माणसाचा नकाशा ठरलेला असतो. न्यूयॉर्कचा पुतळा, वॉशिंग्टनचं पांढरं घर, नायगारा, मग विमानानं थेट लास व्हेगास, तिथून ग्रँड कॅन्यन, जमल्यास डिस्नेलँड आणि शेवटच्या आठवड्यात मॉल. या दोन टोकांच्या मध्ये जे काही आहे ते ढगांखाली असतं, आणि ढग नसतात तेव्हा पाहुणा झोपलेला असतो. जागा असलाच तर त्याला खाली चौकोन दिसतात. हिरवा चौकोन, पिवळा चौकोन, पुन्हा हिरवा. ते कुणी आखले याची चौकशी कुणी करत नाही, कारण तेवढ्यात ज्यूस येतो.

आखले ते १७८५ सालच्या एका कायद्यानं. देश नवा, तिजोरीत खडखडाट आणि पश्चिमेला अफाट जमीन. जमिनीला मूळ मालक होते, पण त्यांना विचारायची पद्धत नव्हती. विकायची तर आधी मोजायला हवी, म्हणून सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे गट पाडले, प्रत्येक गटाचे एकेक चौरस मैलाचे छत्तीस तुकडे केले, आणि एक तुकडा ६४० एकरांचा ठरला. मध्ये टेकडी येवो, ओढा येवो, रेघ सरळ म्हणजे सरळ. पुढे त्या रेघांवरून रस्ते झाले. त्यामुळे आयोवा राज्यात गाडीचं स्टिअरिंग ही बरीचशी शोभेची वस्तू आहे. अडचण एवढीच की पृथ्वी गोल आहे आणि तिच्यावर चौकोन नीट बसत नाहीत. मग अधूनमधून हिशेब जुळवायला सरळ रस्ता अचानक काटकोनात वळतो, थोडा सरकतो आणि पुन्हा सरळ होतो. पृथ्वी गोल असल्याचे भूगोलाच्या पुस्तकातले पुरावे मला कधी पटले नव्हते. आयोवात ब्रेक दाबताना पटले.

माझा मित्र लातूरचा. वसतिगृहात सगळे त्याला लातूरकर म्हणायचे, अजूनही म्हणतात. आम्ही एकाच खोलीत राहायचो. मी इंजिनियर झालो. तो वेळीच सावध झाला आणि वडिलांच्या आडतीवर जाऊन बसला. आता मार्केट यार्डातल्या त्या गादीवर पुतण्या बसतो आणि हा शिकागोच्या उपनगरात मुलाच्या सोफ्यावर बसतो. बसतो म्हणजे बसवला जातो. मुलगा-सून कामावर, नातवंडं उन्हाळी शिबिरात, आणि खिडकीबाहेर पाहावं तर गवत कापलेलं आणि माणूस एकही नाही.

शिकागो म्हटलं की कुणाला विवेकानंद आठवतात, कुणाला अल कपोन. लातूरकरला सोयाबीनचा वायदा आठवतो. उभी हयात तो सकाळी उठून 'शिकागो काय म्हणतंय?' असं विचारत आला. शिकागोला सर्दी झाली की लातूरच्या यार्डात शिंका येतात, हे त्याच्या धंद्याचं मूळ सूत्र. त्यामुळे मी भेटायला गेलो तेव्हा त्यानं आवाज खाली आणून पहिला प्रश्न केला, "इथं सोयाबीन कुठं हाय?"

मी म्हणालो, "इथं फक्त भाव असतो. माल पश्चिमेला."

"मग आपण इथं काय करायलोय?"

प्रश्न रास्त होता. २०२४च्या ऑगस्टात आम्ही माझ्या गाडीतून आयोवाकडे निघालो. त्याच्या अटी तीन होत्या. मोठा महामार्ग नको. मी 'थांब' म्हटलं की थांबायचं. आणि मुलाला रोज फोन करायचा, पण आपण कुठं आहोत ते सांगायचं नाही, कारण तो गुगलवर बघून काळजी करतो. सुनेनं धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा बांधून दिला. मुलानं प्रवासाचा विमा काढून दिला. ज्याला जे येतं ते तो देतो.

पहिला नियम आम्ही लगेच मोडला, कारण वॉलकॉट गावी महामार्गाच्या कडेला जगातला सर्वांत मोठा ट्रक-थांबा आहे, हे लातूरकरला कळलं. ट्रकवाल्यांशी त्याचं आयुष्यभराचं भांडण आणि तितकंच प्रेम. १९६४ साली सुरू झालेल्या या जागेत शेकडो ट्रक उभे राहतात, आणि आत न्हावी आहे, कपडे धुवायची सोय आहे, सिनेमाचं थिएटर आहे आणि चक्क दाताचा डॉक्टर आहे. लातूरकर सगळीकडून फिरून आला आणि म्हणाला, "ढाब्यावर दात दाखवायची सोय पाहिजेच. आपल्याकडं नान खाल्ल्यावर लई गरज पडते." मग त्यानं एका पंजाबी चालकाला शोधून काढलं आणि भाड्याचे दर विचारले. तिथून बाहेर पडायला दुपार झाली.

त्यानंतर मात्र आम्ही आडरस्त्याला लागलो आणि मका सुरू झाला.

मका सुरू झाला म्हणजे संपेचना. ऑगस्टात तो माणसाच्या डोक्यावर जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती आणि वर आभाळाची पट्टी. गाडीतल्या बाईनं 'चाळीस मैल सरळ जा' असं सांगितलं आणि ती गप्प झाली. बराच वेळ गेल्यावर लातूरकरनं काळजीनं विचारलं, "ही झोपली का?" कणीस भाजून खायची त्याची हौस पहिल्याच तासात मावळली. हा मका खायचा नाही. यातला बहुतेक गाडीच्या टाकीत जातो, इथेनॉल होऊन, नाहीतर डुकरांच्या पोटात. आयोवात माणसं सुमारे बत्तीस लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर. लातूरकरनं खिडकी बंद केली आणि म्हणाला, "यांना मतदानाचा हक्क दिला तर सरकार कुणाचं येईल ते सांगायला नको." वारा आमच्याच दिशेनं होता.

मक्यातून मध्येच एक पाण्याची टाकी वर डोकावते, तिच्यावर गावाचं नाव असतं, मग धान्य साठवायचे उंचच उंच सिमेंटचे सिलो, मग पाटी: लोकसंख्या इतकी-इतकी. मग एक चर्च, एक बँक, एक दारूचं दुकान, एक बंद पडलेलं थिएटर, आणि चौकाच्या मधोमध दगडी कोर्ट, इतकं भारदस्त की गावातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गुन्हा केला तरी गर्दी होऊ नये. या राज्यात ९९ काउंट्या, म्हणजे जिल्हे, आहेत. प्रत्येकीला आपलं कोर्ट हवंच. ली नावाच्या काउंटीला तर एकावर भागलं नाही, तिला दोन आहेत. शेतकऱ्यानं घोडागाडीतून कोर्टात यावं, काम करावं आणि दिवसाउजेडी घरी परतावं, या अंतरानं काउंट्या पाडल्या असं सांगतात. कोर्टातलं काम एका दिवसात होतं, या गृहीतकावर अख्ख्या राज्याचा नकाशा बेतलाय, हे ऐकून लातूरकर बराच वेळ बोलला नाही. त्याची एक तारीख १९९८पासून चालू आहे.

पण त्याला खरा धक्का बसला तो चौकात. लहान गावात सिग्नल नसतो. चारही रस्त्यांवर 'थांबा'ची पाटी असते आणि जो आधी आला तो आधी जातो. आम्ही थांबलो. डावीकडून एक पिकअप आला, तोही थांबला. समोरून एक म्हातारी आली, तीही. मग म्हातारीनं पिकअपवाल्याला हातानं 'तू जा' म्हटलं, त्यानं आम्हाला 'तुम्ही जा' म्हटलं, मी म्हातारीला 'तुम्ही जा' म्हटलं, आणि चौकात कुणीच हलेना. लातूरची गंजगोलाई ज्यांनी पाहिली असेल, जिथं सोळा रस्ते एकत्र येतात आणि सोळाही रस्त्यांवरून 'आधी मी' असं म्हणत माणूस येतो, त्यांनाच लातूरकरच्या चेहऱ्याची कल्पना येईल. "यांचं कुणी घरी वाट बघत नाही का?" तो म्हणाला. शेवटी म्हातारीनं हॉर्न वाजवला. रागानं नव्हे, पुन्हा एकदा 'जा हो' म्हणायला.

आणि तो एका बोटाचा नमस्कार! समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरून एक तर्जनी उचलतो. ओळख नसते, पुन्हा भेट होणार नसते, तरी उचलतो. मला हे पाठ झालंय, मीही बोट उचलतो. लातूरकरच्या हातात स्टिअरिंग नव्हतं, म्हणून तो दोन्ही हात जोडायचा. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरला, प्रत्येक पिकअपला, एकदा उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीलाही. आरशात पाहिलं तर काही जण मान वळवून पाहत असायचे. दुसऱ्या-तिसऱ्या गावापर्यंत आमच्याआधी आमची बातमी पोचली असणार असा मला संशय आहे.

रिव्हरसाइड हे गाव हजारेक वस्तीचं. इथं एका न्हाव्याच्या जुन्या दुकानामागे एक दगड उभा आहे. त्यावर लिहिलंय की कॅप्टन जेम्स कर्क यांचा जन्म इथं २२ मार्च २२२८ रोजी होईल. 'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेतला हा अंतराळवीर आयोवातल्या एका लहान गावात जन्मलेला आहे, असं मालिकेचा कर्ता जीन रॉडनबेरी यानं म्हटलं होतं. गावाचं नाव मात्र दिलं नव्हतं. १९८५ साली रिव्हरसाइडच्या एका नगरसेवकाच्या डोक्यात आलं की ते गाव आपलंच का असू नये? गावानं रॉडनबेरीला पत्र लिहिलं, त्यानं होकार दिला, विषय संपला. गावची जत्रा तेव्हापासून 'स्टार ट्रेक'च्या नावानं भरते.

"कधी गेले हे?" लातूरकरनं दगडापुढं चप्पल काढत विचारलं.

"अजून जन्मायचेत."

तो दगडाकडे, मग माझ्याकडे, मग परत दगडाकडे पाहत राहिला. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर निखळ आदर उमटला. "बघ गड्या," तो म्हणाला, "आपल्याकडं माणूस जाऊन तीनशे वर्षं झाली तरी जन्मगावाचा वाद मिटत नाही. यांनी दोनशे वर्षं आधीच मिटवून टाकला." पुढचा तासभर तो आपल्या तालुक्यात कोण कोण जन्मणार आहे याची यादी करत होता.

खाण्यापिण्याबद्दल फार लिहीत नाही. लातूरकर शाकाहारी आहे, आणि आयोवात शाकाहारी म्हणजे ज्याच्या ताटात डुक्कर कमी आहे असा माणूस. एका कॅफेत आम्ही शेंगांची भाजी मागवली, तीत बेकनचे तुकडे निघाले. 'मांस नको म्हणालो होतो' असं सांगितल्यावर वाढणारी बाई खरोखर हळहळली आणि म्हणाली, हे चवीपुरतं आहे. सॅलड म्हणून हिरवी थरथरती जेली आली, तीत किसलेलं गाजर अडकलेलं. लातूरकरनं ताट जरा हलवून पाहिलं, आणि ते अजून जिवंत आहे असा निर्वाळा दिला. मग धपाटे निघाले. शेजारच्या टेबलावर चटणीची वाटी गेली, तिकडून खोकला आला, आणि थोड्या वेळानं वाटी पुन्हा भरून मिळेल का अशी विचारणाही आली. गोडाला मात्र नाव ठेवायला जागा नाही. रूबार्ब नावाच्या आंबट देठाची पाई आणि वर आइस्क्रीम, हे पक्वान्न लातूरकरनं इतक्या वेळा खाल्लं की सुनेला त्याचा हिशेब देणं आम्ही टाळलं.

सकाळी सहाला अशा कॅफेत एक लांब टेबल भरलेलं असतं. त्याभोवती साठीपुढचे शेतकरी, पुढ्यात पांचट कॉफी, डोक्यावर बियाण्याच्या कंपन्यांच्या फुकट टोप्या. लातूरकरनं त्यातली एक टोपी ओळखली. पायोनियर! ही कंपनी हेन्री वॉलेस यानं १९२६ साली याच आयोवात संकरित मक्यासाठी काढली. पुढे तो देशाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. तिचं बियाणं मराठवाड्यातही येतं. टोपी ओळखल्यावर ओळखपाळख झाली, ओळखपाळख झाल्यावर खुर्ची सरकवली गेली, आणि तासाभरात लातूरकर एका शेतकऱ्याच्या पिकअपमध्ये बसून गावच्या धान्याच्या सिलोवर निघाला. मी मागून गाडी घेऊन गेलो. दुभाष्याची गरज असेल असं मला वाटलं होतं. नव्हती. भावाची भाषा दोघांना येत होती.

सिलोच्या कचेरीत फळ्यावर आकडे होते. लातूरकरनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की तसं मी त्याला देवळातही पाहताना पाहिलं नव्हतं. सोयाबीन बुशेलला दहा डॉलरच्या आतबाहेर. बुशेल म्हणजे साठ पौंड, आपले सुमारे सत्तावीस किलो. त्यानं खिशातून पेन काढला, पावतीच्या मागे आकडेमोड केली, पुन्हा केली, आणि मला बाजूला घेतलं. "क्विंटलला तीन हजारांच्या जरा वर बसतंय रे!" आपल्याकडे त्या वर्षीचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. हमीभाव मिळतो किती जणांना हा वेगळा विषय, आणि त्यावर लातूरकरसमोर बोलू नये, कारण तो व्यापारी आहे. पण ज्या शिकागोनं त्याला आयुष्यभर रडवलं, ते घरच्या माणसालाही सोडत नाही हे पाहून त्याला विलक्षण बरं वाटलं. हे समाधान एकरी उत्पन्न विचारेपर्यंत टिकलं. एकरी साठ बुशेल, म्हणजे सोळा क्विंटल. आणि शेत? शेतकरी म्हणाला, फार नाही, हजारभर एकर.

मग दोघं बांधावर उभे राहिले. बांध नव्हताच, रस्त्याची कड होती. समोर कमरेएवढं, दाट, काळंभोर हिरवं सोयाबीन क्षितिजापर्यंत गेलेलं. शेतकरी मान हलवत म्हणाला, यंदा काही खरं नाही. लातूरकरही मान हलवत म्हणाला, आमच्याकडंही तेच. पाऊस चुकला, खतं महागली, पोरं शहरात गेली. पीक चांगलं आलंय असं तोंडानं म्हणणारा शेतकरी अजून कुठल्याही खंडात जन्मलेला नाही. रिव्हरसाइडवाल्यांनी त्याचाही दगड आधीच रोवून ठेवायला हरकत नाही.

निरोपाला एवढा वेळ लागला की निरोप हाच मुख्य कार्यक्रम वाटला. शेतकऱ्यानं मांडीवर थाप मारली आणि 'बरं तर' म्हणाला. मध्य-पश्चिमेत ही निघायची खूण असते, निघणं नव्हे. मग दारात अर्धा तास. मग गाडीपाशी. मग काच खाली करून, तिच्यावर कोपर टेकवून, हवामान. मग त्याच्या बायकोनं घरून पाठवलेली पिशवी आली, तीत दोडक्याएवढ्या झुकिनी. ऑगस्टात या भागात लोक गाडीला कुलूप लावतात ते चोरीच्या भीतीनं नाही, कुणीतरी आत झुकिनी ठेवून जाईल म्हणून, असा इथला जुना विनोद आहे. तो विनोद नाही. लातूरकर या निरोपात कुठेही कमी पडला नाही. दाराशी उभं राहून नवे विषय काढण्यात आपल्या लोकांचा हात कुणी धरेल असं मला वाटलं नव्हतं, पण तिथं बरोबरीचा सामना झाला.

फेअरफील्डला आम्ही गेलो ते मी मुद्दाम काही न सांगता. मक्यातून जाता जाता अचानक दोन सोनेरी घुमट. महर्षी महेश योगींच्या मंडळींनी १९७४ साली इथल्या बंद पडलेल्या कॉलेजचं आवार घेऊन आपलं विद्यापीठ आणलं. घुमटांत लोक सकाळ-संध्याकाळ ध्यानाला बसतात. शेजारी 'महर्षी वेदिक सिटी' नावाचं वेगळं गावच आहे, २००१ साली रीतसर नोंदलेलं. तिथली घरं पूर्वाभिमुख, मध्ये ब्रह्मस्थान, वर कळस. सकाळच्या उन्हात एक उंच गोरे गृहस्थ सायकल थांबवून लातूरकरला म्हणाले, "जय गुरुदेव." लातूरकर उडालाच. त्या गृहस्थांनी मग त्याला वास्तुशास्त्र समजावून सांगितलं. दक्षिणमुखी घराचे तोटे ऐकून लातूरकरनं मला हळूच विचारलं, पोराच्या घराचं दार कुठल्या दिशेला आहे? मी म्हणालो, गॅरेजच्या दिशेला.

आणि मग एल्डन. हे न पाहता आयोवाहून परतू नये.

ग्रँट वुड नावाचा चित्रकार १९३० साली या गावातून जात होता. त्याला एक लहानसं पांढरं लाकडी घर दिसलं. घर साधं, पण माडीला खिडकी मात्र चर्चला शोभेल अशी टोकदार कमानीची. ऐपत बेताची आणि थाट मोठा, हे त्याला गमतीचं वाटलं. या घरात कशी माणसं राहत असतील, असा विचार करून त्यानं चित्र काढलं: हातात तीन दात्यांचा काटा घेतलेला शेतकरी आणि शेजारी त्याची मुलगी. लोक तिला बायको समजतात. मुलगी म्हणून बसली चित्रकाराची बहीण, आणि शेतकरी म्हणून उभा राहिला त्याचा दाताचा डॉक्टर. दोघं त्या घरासमोर कधी उभे राहिले नाहीत, आणि चित्रासाठी एकमेकांशेजारीही नाहीत. चित्राला शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये ब्राँझ पदक आणि ३०० डॉलर मिळाले, आणि 'अमेरिकन गॉथिक' हे जगातल्या सर्वांत जास्त नकला झालेल्या चित्रांपैकी एक होऊन बसलं. चित्रातली बाई अशी आंबट चेहऱ्याची दाखवल्याबद्दल आयोवातल्या शेतकरणी चित्रकारावर चिडल्या होत्या, ते वेगळंच.

चित्र शिकागोत आहे. एल्डनमध्ये घर आहे. घराशेजारच्या केंद्रात कपडे मिळतात, फुकट: काळा कोट, डंगरी, गोल चष्मा, बाईचा नक्षीचा अ‍ॅप्रन, आणि काटा. घालायचे, घरासमोर ठरलेल्या जागी उभं राहायचं, तिथली माणसं फोटोही काढून देतात. प्रश्न एकच होता. आम्ही दोघं पुरुष, आणि काटा एक.

"मी आडत्या हाय," लातूरकर म्हणाला. "शेतीमालाशी संबंध माझा. काटा माझ्याकडं." (आडतीवरचा काटा हा वेगळा असतो आणि त्याच्याबद्दल शेतकऱ्यांची मतं वेगळी असतात, हे मी त्या वेळी काढलं नाही.) मी अ‍ॅप्रन घातला. गळ्याशी ब्रोच लावला. केंद्रातल्या बाईंनी माझी कॉलर सारखी केली आणि म्हणाल्या, अगदी शोभतंय. मग लातूरकरनं काटा हातात घेतला, उलटसुलट केला, वजन पाहिलं आणि बाईंना सांगितलं की यानं कडबा नीट उचलला जाणार नाही. बाईंनी नम्रपणे सांगितलं की हा फक्त फोटोसाठी आहे.

चेहरा गंभीर ठेवायचा ही इथली मुख्य अट, आणि इथंच बहुतेक पर्यटक हसून वाट लावतात. लातूरकरला प्रयत्नच करावा लागला नाही. फोटो म्हटला की हसायचं नाही, ही आमच्या पिढीची शिस्त; लग्नाच्या अल्बममध्येही आम्ही दोघं जामिनाला उभे असल्यासारखे दिसतो. बाईंनी कॅमेरा खाली करून आमच्याकडे बराच वेळ पाहिलं. इतकं हुबेहूब दुःख त्यांनी त्या अंगणात फार वेळा पाहिलं नसावं. मागे रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबानं टाळ्या वाजवल्या. तो फोटो लातूरकरनं वसतिगृहाच्या ग्रुपवर टाकला. तिथं अजूनही माझ्याच वाढदिवसाला तो परत येतो.

पेला हे गाव १८४७ साली हॉलंडहून आलेल्यांनी वसवलं. इथं पवनचक्की आहे, १२४ फूट उंच, हॉलंडमध्ये घडवून इथं आणून जोडलेली, आणि ती खरंच धान्य दळते. मे महिन्यात ट्यूलिपचा उत्सव असतो, तेव्हा मिरवणुकीआधी गावकरी पारंपरिक वेषात बादल्या आणि झाडू घेऊन रस्ते घासतात. रस्ते आधीच स्वच्छ असतात. लातूरकर म्हणाला, हे आपल्याकडंही करतात. फरक इतकाच की यांचे झाडू ओले असतात. विंटरसेटला छप्पर असलेले लाकडी पूल पाहिले. 'ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी' या सिनेमामुळे प्रेमी जोडपी तिथं येतात. छप्पर प्रेमिकांसाठी नाही. पुलाची फळ्यांची जमीन बदलण्यापेक्षा वर छप्पर घालणं स्वस्त पडायचं, म्हणून. पुलाखाली लातूरकरनं डुलकी काढली.

ऑड्युबनला बैल आहे. सिमेंटचा, ३० फूट उंच, ४५ टनांचा, १९६४ साली उभारलेला. नाव अल्बर्ट, गावातल्या एका बँकवाल्याच्या नावावरून. बैल सर्वांगानं पूर्ण आहे, आणि ते सर्वांग मागच्या बाजूनं नजरेत भरतं. लातूरकरनं त्याला प्रदक्षिणा घातली, वेसण नाही, झूल नाही, शिंगांना रंग नाही याबद्दल नापसंती व्यक्त केली आणि पोळ्याला याला पुरणपोळी किती लागेल याचा अंदाज केला. हा नांगराचा नव्हे, खायच्या जातीचा बैल आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या बैलासमोर कशाला?

असल्या गोष्टींचं या मुलखात पेव फुटलंय. स्ट्रॉबेरी पॉइंटला नगरपालिकेवर भलीमोठी स्ट्रॉबेरी. इलिनॉयमधल्या केसी गावात जगातली सर्वांत मोठी झुलती खुर्ची, सर्वांत मोठी टपालपेटी आणि अजून बरंच 'सर्वांत मोठं'. सुतळीच्या गुंड्यावरून तर दोन राज्यांत वाद आहे. मिनेसोटातल्या डार्विन गावचा फ्रान्सिस जॉन्सन १९५० साली सुतळी गुंडाळायला बसला आणि २९ वर्षं गुंडाळत राहिला; गुंडा १७,४०० पौंडांचा झाला. कॅन्ससमधल्या कॉकर सिटीत १९५३ साली सुरू झालेला गुंडा त्याच्या कर्त्यानंतर गाव अजूनही दर ऑगस्टात वाढवतं. म्हणून एक म्हणतो जगात मोठा, दुसरा म्हणतो एकट्यानं केलेला जगात मोठा. लातूरकरनं वजन क्विंटलमध्ये काढलं. ७९ क्विंटल. "एवढ्या सुतळीत आमच्या यार्डाचा अख्खा हंगाम शिवून निघाला असता," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा अमेरिकेवर मनापासून चिडला.

हसायला ठीक आहे. पण १९५६च्या कायद्यानंतर मोठे महामार्ग झाले आणि ते या गावांना बाजूला टाकून गेले. शेतं मोठी झाली, शेतकरी कमी झाले, शाळा एकत्र केल्या, थिएटर बंद पडलं. मग गावानं वर्गणी काढून बैल उभा केला, जेणेकरून कुणीतरी वळण घ्यावं, पेट्रोल भरावं, पाई खावी. ही युक्ती काही जगावेगळी नाही, पण प्रामाणिक आहे, आणि ती चालते. आम्ही वळलोच की. बैलासाठी गेलो आणि बोलत बसलो, हे खरं.

तेव्हा पुढच्या वेळी अमेरिकेत मुलाकडे याल तेव्हा व्हेगासचे दोन दिवस कापा आणि आयोवाला द्या. ऑगस्टात जा, तेव्हा गोड मक्याची कणसं रस्त्याकडेला विकायला असतात आणि ती भाजून खाता येतात. रविवारी जाऊ नका, बरंच काही बंद असतं. भाजीत बेकन आहे का हे एकदा नव्हे, दोनदा विचारा. गाडी उभी कराल तेव्हा काचा वर करा, नाहीतर झुकिनी मिळतील. आणि एल्डनला मित्राबरोबर जाणार असाल तर काटा कुणाकडे हे गाडीतच ठरवून घ्या. अ‍ॅप्रन सगळ्या मापांचे आहेत.